निकोलाय गोगोल

युक्रेनमधील सोरोचिन्त्सी येथे १८०९ साली जन्मलेले गोगोल एकोणिसाव्या वर्षी राजधानी पीटर्सबर्गला आले. पदरमोड करून छापलेल्या पहिल्या काव्याची हेटाळणी होताच त्यांनी त्याच्या प्रती जाळून टाकल्या. पोटासाठी कारकुनी पत्करली. आईला पत्रे लिहून गावाकडच्या लोककथा व भुताखेतांच्या समजुती मागवल्या. त्यांतून १८३१-३२ मध्ये कथासंग्रह सिद्ध झाला आणि कीर्ती लाभली.

पुढे त्यांनी भुताला शहरात आणले. त्यांची थोरवी येथेच आहे. ‘ओव्हरकोट’ (१८४२) या कथेतील गरीब कारकुनाचा पोटाला चिमटा घेऊन शिवलेला कोट चोरीला जातो. तक्रार घेऊन गेल्यावर बडा अधिकारी त्याच्यावरच खेकसतो. मरणानंतर भूत होऊन तो त्याच अधिकाऱ्याचा कोट हिसकावतो. १८५२ साली ‘मृत आत्मे’च्या दुसऱ्या भागाचे हस्तलिखित अग्नीच्या स्वाधीन करून गोगोल थोड्याच दिवसांत मॉस्कोत निवर्तले.