आग्नर क्रारूप एर्लांग

आग्नर क्रारूप एर्लांग (१ जानेवारी १८७८ – ३ फेब्रुवारी १९२९) हे डॅनिश गणितज्ञ, संख्याशास्त्रज्ञ व अभियंता होते. दूरध्वनी केंद्रांतील गर्दीचा गणिती अभ्यास करून त्यांनी रांग सिद्धान्ताचा पाया घातला. संगणकीय जाळ्यातील स्विचवर गर्दी झाल्यास कोणती माहिती आधी पुढे पाठवावी, हे ठरवतानाही हाच सिद्धान्त उपयोगी पडतो.

जीवन

एर्लांग यांचा जन्म डेन्मार्कमधील लनबोर्ग या खेड्यात झाला. त्यांचे वडील तेथे शाळामास्तर होते. वयाच्या १४ व्या वर्षी विशेष परवानगीने परीक्षा उत्तीर्ण होऊन त्यांनी वडिलांच्याच शाळेत काही काळ अध्यापन केले. १९०१ मध्ये त्यांनी कोपनहेगन विद्यापीठाची गणितातील पदवी मिळवली व पुढील काही वर्षे शिक्षकी केली. गणितज्ञ योहान येन्सन हे कोपनहेगन टेलिफोन कंपनीत मुख्य अभियंता होते. त्यांच्याशी झालेल्या परिचयातून १९०८ मध्ये एर्लांग त्या कंपनीत दाखल झाले व अखेरपर्यंत तेथेच राहिले. ते अविवाहित होते. शस्त्रक्रियेनंतर वयाच्या ५१ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

कार्य

दूरध्वनी वाहिन्या कमी ठेवल्या तर ग्राहक खोळंबतात आणि जास्त ठेवल्या तर खर्च वाया जातो, असा कंपनीपुढील पेच होता. यादृच्छिकपणे येणारे कॉल प्वासाँ वितरणानुसार येतात, हे एर्लांग यांनी १९०९ मध्ये दाखवले. १९१७ मध्ये त्यांनी दोन महत्त्वाची सूत्रे प्रसिद्ध केली. सर्व वाहिन्या व्यस्त असल्याने कॉल नाकारला जाण्याची शक्यता पहिल्या सूत्राने काढता येते, तर कॉलला थांबावे लागण्याची शक्यता दुसऱ्याने. ब्रिटिश टपाल खात्यानेही त्यांचे सूत्र स्वीकारले.

भार वाढतो त्याच प्रमाणात रांग वाढत नाही, हे रांग सिद्धान्तातून स्पष्ट होते. मागण्यांचे आगमन व सेवाकाळ यादृच्छिक असलेल्या एका मार्गाच्या साध्या प्रतिमानात, मार्ग ५० टक्के व्यस्त असताना व्यवस्थेत सरासरी १ मागणी असते. ८० टक्क्यांवर ही संख्या ४, तर ९० टक्क्यांवर ९ होते.

प्राधान्यक्रम व संगणकीय जाळी

प्राधान्य असलेल्या रांगांचे गणित अ‍ॅलन कोभम यांनी १९५४ मध्ये मांडले. इथरनेट स्विचमध्ये माहितीच्या चौकटीवर ३ बिटांची खूण करून तिला ८ पैकी एक प्राधान्यस्तर देता येतो. विलंब न चालणारे ध्वनिसंभाषण त्यामुळे मोठ्या फाइलच्या आधी पुढे जाते. मात्र प्राधान्याने दुव्याची क्षमता वाढत नाही. एका वर्गाची प्रतीक्षा कमी झाली की दुसऱ्याची वाढते, हे लिओनार्ड क्लाइनरॉक यांच्या अक्षय्यतेच्या नियमातून दिसते. वरच्या वर्गाची वाहतूक सतत येत राहिली, तर कठोर प्राधान्यक्रमात खालच्या वर्गाची वाहतूक पूर्णपणे अडून राहू शकते. म्हणून अनेक स्विचमध्ये प्रत्येक रांगेला ठरावीक वाटा देणारी भारित पद्धतही असते.

सन्मान

१९४६ मध्ये दूरसंचार वाहतुकीच्या एककाला ‘एर्लांग’ हे नाव देण्यात आले. एक वाहिनी तासभर सतत व्यस्त राहिल्यास १ एर्लांग वाहतूक होते. एका तासात प्रत्येकी २ मिनिटांचे ३० कॉल झाल्यास वाहतूक तेवढीच भरते. एरिक्सन कंपनीत विकसित झालेल्या एका संगणकीय भाषेलाही ‘एर्लांग’ हे नाव आहे.