मराठी सिनेमाचा आवाज उजेडात पकडणारे पेणचे विष्णुपंत दामले

सोलापूरच्या शुक्रवार पेठेत बसून मोबाइलवर ‘संत तुकाराम’ लावा, विष्णुपंत पागनीसांचा आवाज ऐकू येतो. पण १९३६ साली हा आवाज साठवला होता कशात?

तर उजेडात!

हे काम जमवलेल्या माणसाचं नाव विष्णुपंत दामले. जन्म १८९२, गाव पेण. कोल्हापूरला बाबूराव पेंटर यांच्याकडे ते नाटकाचे पडदे रंगवायचे. बाबूरावांनी महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली आणि दामले सिनेमात आले. १९२९ मध्ये व्ही. शांताराम, फत्तेलाल, धायबर आणि सीतारामपंत कुलकर्णी यांच्यासोबत त्यांनी ‘प्रभात’ सुरू केली.

पण १४ मार्च १९३१ ला ‘आलम आरा’ आला आणि सिनेमा बोलू लागला. आता प्रभातलाही बोलणं भाग होतं. आवाजाची जबाबदारी घेतली दामल्यांनी.

ही भानगड चालायची कशी?

माइक आवाजाची वीज करायचा. त्या विजेप्रमाणे एक प्रकाशझोत कमी-जास्त व्हायचा आणि फिल्मच्या कडेला बारीक पट्टी उमटायची. थिएटरमध्ये त्याच पट्टीतून दिव्याचा उजेड आरपार जायचा. पलीकडचा फोटोसेल त्यातला चढउतार टिपायचा, त्याची पुन्हा वीज व्हायची आणि स्पीकर बोलायचा.

खरी धाकधूक वेगळीच होती. घेतलेला आवाज लगेच वाजवून बघता यायचा नाही. फिल्म धुऊन आल्यावरच खरं काय ते कळायचं. त्यात प्लेबॅक नव्हता. नटाने कॅमेऱ्यासमोरच गायचं. एक खोकला आला की अख्खा टेक वाया!

तरी १९३२ मध्ये ‘अयोध्येचा राजा’ आला. गोविंदराव टेंबे हरिश्चंद्र, दुर्गा खोटे तारामती आणि ध्वनिलेखन दामल्यांचं. पहिला मराठी बोलपट म्हणून तो ओळखला जातो.

पुढे प्रभात पुण्याला गेली. दामले-फत्तेलाल जोडीने दिग्दर्शित केलेल्या ‘संत तुकाराम’चा १९३७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात गौरव झाला.

१९४५ मध्ये दामले गेले. प्रभातच्या पुण्यातल्या जागेवर आज एफटीआयआय आहे. उजेडाने आवाज टिपण्याचं शास्त्रही पुढे गेलंय. आता लेझरने अल्ट्रासाउंडची कंपनंसुद्धा पकडतात.

पडद्यावरचे तुकोबा सगळ्यांना आठवतात. सिनेमाला बोलतं करणारे दामलेही आठवायला हवेत.