राजा रविवर्मा: दरबारातून पेढीवर

अमरावती-अकोल्याकडच्या जुन्या वाड्यांतून आणि कापसाच्या पेढ्यांवर कमळात उभी असलेली चतुर्भुज लक्ष्मी तसबिरीत आजही आढळते. दिवाळीत तिला हार पडतो. हे देवीचे अनादि रूपच होय, अशी पाहणाऱ्याची समजूत असते. वस्तुतः ते एका चित्रकाराच्या हातून उतरले, आणि तेही त्या हाताचे वळण वारंवार पालटल्यानंतर.

राजा रविवर्मा यांचा जन्म १८४८ साली त्रावणकोर संस्थानातील किळिमानूर येथे झाला. मामांनी त्यांना तंजावरी पद्धतीचे धडे दिले. चौदाव्या वर्षी ते त्रिवेंद्रमच्या राजवाड्यात आले. १८६८ मध्ये तेथे आलेल्या थिओडोर जेन्सन या चित्रकाराने शिकविण्याचे नाकारले. काम करताना पाहू मात्र दिले. तैलरंगाची विद्या रविवर्म्यांनी अशी दुरून उचलली. तंजावरी चित्रातला सपाटपणा गेला, देहाला छायाप्रकाश लाभला, वस्त्राला वजन आले. ग्राहक राजेरजवाडे व इंग्रज अधिकारी असल्याने मागणी मुख्यतः व्यक्तिचित्रांची होती.

१८८८ च्या सुमारास सयाजीराव गायकवाडांनी चौदा पौराणिक चित्रे सांगितली, तेव्हा निराळाच पेच उभा राहिला. सीतेला, दमयंतीला नेसवायचे काय? बंधू राजराजवर्म्यांसह ते उत्तर हिंदुस्थान फिरले. साऱ्या देशाचा म्हणावा असा एकच वेष कोठे सापडला नाही. अखेर त्यांच्या अनेक नायिकांच्या अंगावर मराठी घरातले लुगडे आले. केरळच्या चित्रकाराची देवी वऱ्हाडातल्या बाईला परकी का वाटली नाही, याचे एक कारण येथे आहे.

चित्रांचे छाप काढावेत ही सूचना सर टी. माधवराव यांची. १८९४ मध्ये मुंबईत जर्मन यंत्रांवर छापखाना सुरू झाला. पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. शिळाछापात प्रत्येक रंगाला वेगळी शिळा लागते. साहजिकच सूक्ष्म छटा गळाल्या, रेषा ठळक झाली, रंग भडक झाला. रसिकांनी याबद्दल रविवर्म्यांना दोष दिला, आणि निव्वळ चित्र म्हणून पाहता तो खोटा नव्हे. परंतु तैलचित्राला एकच भिंत मिळते, शिळेला हजारो. मुंबईहून अकोला-बडनेऱ्यावरून नागपूरला जाणारा लोहमार्ग १८६७ पासूनच तयार होता. त्याच मार्गाने कापूस मुंबईला जाई.

शिवाय मूर्तीपर्यंत पोहोचण्याचा हक्क सर्वांना कोठे होता? अमरावतीच्या अंबादेवी मंदिरात अस्पृश्यांना प्रवेश मिळावा म्हणून १९२७ साली डॉ. आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली परिषद भरवावी लागली. मंदिराच्या दारात जात विचारली जाई. बाजारातल्या तसबिरीला तिची किंमत तेवढी द्यावी लागे. छटा गमावून रविवर्म्यांनी काय मिळविले, याचा हिशेब कलादालनात बसून मांडता येत नाही.

स्वतः त्यांना मात्र या धंद्यात खोटच आली. कर्ज वाढले आणि छापखाना फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाच्या हाती गेला. २ ऑक्टोबर १९०६ रोजी रविवर्मा किळिमानूरला निवर्तले. मळवलीची यंत्रे नव्या मालकाकडे चालूच राहिली. देवादिकांच्या तसबिरींबरोबर तेथे पुढे कॅलेंडरे आणि मालाची लेबलेही छापली जाऊ लागली.