मातृसेविका कमलाताई होस्पेट

सुमारे शंभर वर्षांपूर्वी नागपूर ही मध्यप्रांत व वऱ्हाड या प्रांताची राजधानी होती. शहरात सरकारी कचेऱ्या होत्या, महाविद्यालये होती, कापडाच्या गिरण्या होत्या. आगगाडीने ते मुंबई-कलकत्त्याशी जोडलेले होते. परंतु या साऱ्या सुधारणेचा वारा घरातील एका खोलीपर्यंत मात्र पोचला नव्हता. ती म्हणजे बाळंतिणीची खोली.

घरातील सर्वांत अंधारी व कोंदट खोली बहुधा बाळंतिणीच्या वाट्याला येई. वारा लागू नये म्हणून तिच्या खिडक्या मिटून घेत. शेगडीचा धूर आतल्या आत कोंडून राही. वापरलेली वस्त्रे पुढे टाकूनच द्यावयाची, म्हणून जुनी, फाटकी व मळकी लुगडी तिथे दिली जात. सुईण येई, ती अनुभवी असे. तिच्या अंगी धीर असे, माया असे. पण हात स्वच्छ धुऊन मगच बाळंतिणीला स्पर्श करावा, हे तिला कोणी शिकवलेलेच नसे. हाताशी असेल त्या विळ्याने वा पात्याने ती बाळाची नाळ कापी. मग आठवडाभरातच एखाद्या बाळाचे अंग ताठ होई, दातखीळ बसे आणि ते दगावे. कधी बाळंतिणीलाच ताप भरे आणि तो उतरत नसे. घरची माणसे सटवीला किंवा दैवाला बोल लावून गप्प बसत.

खरे पाहता हा दोष सटवीचा नव्हता आणि दैवाचाही नव्हता. नाळ कापणाऱ्या अस्वच्छ पात्यावाटे धनुर्वाताचे जंतू बाळाच्या शरीरात शिरत, आणि न धुतलेल्या हातांनी बाळंतज्वर पसरे. युरोपातील व्हिएन्ना शहरी सेमेलवाइस नावाच्या डॉक्टराने १८४७ मध्येच दाखवून दिले होते, की डॉक्टरांनी क्लोरिनच्या पाण्याने हात धुतले तर बाळंतिणींचे मृत्यू पुष्कळ कमी होतात. लंडनमध्ये १८६० साली फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या नावाची परिचारिकांची शाळा निघाली व शुश्रूषेला शास्त्राचे रूप आले. आपल्या देशातील स्त्रियांना वैद्यकीय मदत मिळावी म्हणून १८८५ मध्ये डफरिन निधी उभारला गेला, आणि त्यानंतर अनेक शहरांत स्त्रियांसाठी डफरिन रुग्णालये उघडली. नागपुरातही असे एक रुग्णालय होते. ज्ञान नागपूरपर्यंत आले होते. परंतु रुग्णालयाच्या दारापासून त्या अंधाऱ्या खोलीपर्यंतचे अंतर अजून तोडावयाचे होते. ते तोडण्यासाठी जिने आपले आयुष्य वेचले, तिचे नाव कमलाताई होस्पेट.

कमलाताईंचा जन्म १८९६ साली झाला. त्यांचे माहेरचे नाव यमुना. त्या काळच्या रीतीप्रमाणे यमुनेचे लग्न बालवयातच झाले आणि ती होस्पेट घराण्याची सून कमला झाली. पण संसार म्हणजे काय हे कळण्याच्या आधीच तिच्यावर वैधव्याचा घाला पडला. त्या काळी विधवेचे जिणे फार कष्टाचे असे. तिने कोणत्याही मंगलकार्यात पुढे येऊ नये, घराच्या एका कोपऱ्यात खालमानेने राबावे आणि आयुष्य कसेबसे कंठावे, अशीच समाजाची अपेक्षा असे.

परंतु काळ हळूहळू पालटत होता. ज्या वर्षी कमलाताई जन्मल्या, त्याच वर्षी पुण्यास धोंडो केशव कर्वे यांनी विधवांच्या शिक्षणासाठी आश्रम काढला होता. रमाबाई रानडे यांच्या पुणे सेवासदनाने तर स्त्रियांना परिचारिकेचे शिक्षण देण्याची सोय केली होती. स्वतःच्या पायांवर उभे राहावे व दुसऱ्यांच्या उपयोगी पडावे, या विचाराने पुष्कळ तरुण विधवा शिक्षणाकडे वळू लागल्या. कमलाताईंनीही हाच मार्ग धरला. त्यांनी नागपूरच्या डफरिन रुग्णालयात परिचारिकेच्या शिक्षणक्रमासाठी नाव घातले.

आज परिचारिकेचा गणवेष आदराने पाहिला जातो. त्या वेळी तसे नव्हते. परक्यांचे मलमूत्र उचलावयाचे, कोणत्याही जातीच्या रोग्याला शिवावयाचे, रात्रीअपरात्री घराबाहेर राहावयाचे, हे काम प्रतिष्ठित घरातील स्त्रीने करावे, ही कल्पनाच अनेकांना सहन होत नसे. म्हणून हा शिक्षणक्रम पुरा करावयाचा तर पुस्तकांतील धड्यांबरोबर लोकनिंदा पचविण्याचा धडाही गिरवावा लागे.

शिक्षणक्रम सोपा नव्हताच. नाडी मोजावी, ताप पाहावा आणि दोन्ही तक्त्यावर बिनचूक लिहावे. औषध थेंबाथेंबाने मोजून द्यावे. हत्यारे पाण्यात उकळून निर्जंतुक करावी. गर्भातील बाळ आडवे आहे की सरळ, हे पोटावरून हात फिरवून ओळखावे. अशा एक ना अनेक गोष्टी शिकाव्या लागत. चुकीला तेथे क्षमा नसे, कारण चुकीची किंमत रोग्याला द्यावी लागे. त्याच सुमारास, १९१८ मध्ये, इन्फ्ल्युएन्झाची भयंकर साथ आली. हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसे तिला बळी पडली आणि मध्यप्रांतात तर मृत्यूचे थैमान विशेष मोठे होते. शुश्रूषा जाणणाऱ्या माणसांची देशात किती वाण आहे, हे त्या साथीने साऱ्यांना दाखवून दिले.

१९२० च्या सुमारास कमलाताईंचे शिक्षण पुरे झाले. आता त्यांच्यापुढे दोन वाटा होत्या. एक वाट सरळ होती. शिकलेल्या परिचारिका त्या वेळी फार थोड्या होत्या. एखाद्या रुग्णालयात नोकरी धरली असती, तर ठराविक पगार मिळाला असता आणि अनुभवाबरोबर पदही वाढले असते. एका तरुण विधवेला एवढे स्वास्थ्य लाभले, तर तिने आणखी कशाची आस धरावी?

पण आपण जे शिकलो ते कोणाच्या कामी येणार, हा प्रश्न त्या वाटेने सुटत नव्हता. शिक्षणक्रमातील प्रत्येक धडा रुग्णालयात घडत असे. तेथे पाणी भरपूर, उजेड भरपूर, स्वच्छ चादरी हाताशी. शहरातील बहुसंख्य बायका मात्र त्या रुग्णालयाची पायरी चढतच नसत. कोणाला पडद्याची चाल आड येई, कोणाला सोवळ्या-ओवळ्याची अडचण वाटे. आणि रुग्णालयात गेलेले माणूस जिवंत परत येत नाही, ही भीती तर घरोघरी होती. रुग्णालयात शिकलेले ज्ञान रुग्णालयातच राहिले, तर घरातील बाळंतिणीला त्याचा काय लाभ? म्हणून कमलाताईंनी दुसरी, काट्याकुट्यांची वाट पत्करली. रुग्णालयाची स्वच्छता आणि माहेरची माया ही दोन्ही जेथे एकत्र नांदतील, असे प्रसूतिगृह उभारण्याचे त्यांनी ठरविले.

ते दिवस भारलेले होते. डिसेंबर १९२० मध्ये नागपुरास राष्ट्रीय सभेचे अधिवेशन भरले आणि महात्मा गांधींच्या असहकाराच्या कार्यक्रमावर तेथे शिक्कामोर्तब झाले. आपल्या लोकांचे काम आपणच उभे करावयाचे, ही भावना शहराच्या हवेत पसरली होती. पुढल्याच वर्षी, १९२१ मध्ये, कमलाताई आणि त्यांच्या सहकारी वेणूताई नेने यांनी मातृसेवा संघाची स्थापना केली. संस्थेचे नाव मोठे होते, पण प्रसूतिगृहात खाटा होत्या अवघ्या चार.

चार खाटांचे काम म्हणजे थोडे काम, असे कोणी समजू नये. बाळ जन्माला येण्याची वेळ कोणालाच सांगता येत नाही. मध्यरात्री हाक येई, भर पावसात हाक येई. पाणी तापवावयाचे, वस्त्रे उकळावयाची, बाळंतिणीला धीर द्यावयाचा, दाराशी घोटाळणाऱ्या सासूची समजूत घालावयाची, आणि पुन्हा सकाळी हिशेबाची वही घेऊन बसावयाचे, अशी कामाची तऱ्हा असे. येथे शिकलेल्या धड्यांची खरी परीक्षा होती. स्वच्छ हात, स्वच्छ पाते, स्वच्छ वस्त्र आणि मोकळी हवा हे रुग्णालयातील नियम तसेच पाळावयाचे होते. मात्र ते रागे भरून किंवा जुन्या चालीरीतींची थट्टा करून कोणाच्या गळी उतरले नसते. बाळंतिणीला तेलाने चोळणे, तिला हलके व पौष्टिक अन्न देणे, तिला विसावा देणे या जुन्या रीती चांगल्याच होत्या; त्या मोडण्याचे कारण नव्हते. मोडावयाची होती ती अस्वच्छता. एक बाळंतीण मुलाला कुशीत घेऊन सुखरूप घरी परतली, की तिच्या शेजारणीला दहा व्याख्यानांनी पटले नसते ते आपोआप पटे.

हळूहळू खाटा वाढल्या. लोकांनी देणग्या दिल्या. नागपुरात सीताबर्डी व महाल या भागांत संघाची रुग्णालये उभी राहिली. पुढे विदर्भात आणि मध्य प्रदेशातही संघाच्या शाखा निघाल्या. पण इमारती बांधल्याने काम भागत नाही, त्यांत काम करणारी माणसेही घडवावी लागतात, हे कमलाताई जाणून होत्या. म्हणून संघाने परिचारिकांच्या शिक्षणाची सोय केली. जी विद्या त्यांना मिळाली होती, ती आता दुसऱ्या अनेक मुलींच्या हाती जाऊ लागली. घराच्या कोपऱ्यात आयुष्य कंठण्याची पाळी जिच्यावर यावयाची, अशा स्त्रीलाही या शिक्षणाने मानाची भाकर मिळू शकत होती.

मातेच्या सेवेतून आरंभलेले काम पुढे तेवढ्यापुरतेच राहिले नाही. बुद्धीची वाढ मंदावलेल्या मुलांसाठी संघाने नंदनवन ही शाळा काढली. वृद्धांसाठी पंचवटी हा आश्रम उभारला. समाजसेवेचे शास्त्रशुद्ध शिक्षण देणारी संस्थाही १९५८ मध्ये सुरू झाली. जन्मापासून वार्धक्यापर्यंत, ज्याला ज्याला आधाराची गरज आहे, त्याच्यासाठी संघाचे दार उघडे झाले.

भारत सरकारने १९६१ मध्ये कमलाताईंना पद्मश्री ही पदवी देऊन त्यांचा गौरव केला. एके काळी ज्या कामाला लोक नाके मुरडत, त्याच कामाचा हा राष्ट्राने केलेला सन्मान होता. १९८१ मध्ये त्यांचे निधन झाले. तोवर संघाच्या वयाला साठ वर्षे झाली होती.

मातृसेवा संघाने आता शंभरी ओलांडली आहे. कमलाताईंचा शिक्षणक्रम दोन-चार वर्षांतच संपला; परंतु परीक्षा झाली म्हणून त्यांनी पुस्तक मिटून ठेवले नाही. शिकलेला प्रत्येक धडा त्यांनी पुन्हा उघडून पाहिला आणि तो कोणाच्या दारी न्यावयाचा, याचा विचार केला. म्हणूनच रुग्णालयाच्या भिंतीआड राहू शकणारे ज्ञान त्या अंधाऱ्या खोलीपर्यंत पोचले, आणि तिची मिटलेली खिडकी उघडली.