धन्य ते नम्र : पंडिता रमाबाई

धन, मान आणि अधिकार ज्याच्यापाशी आहेत, त्याला आपण सहज धन्य म्हणतो. ख्रिस्ती धर्माची शिकवण मात्र निराळी आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायात येशूने धन्यांच्या पंक्तीत पहिला मान दिला तो मनाने दीन असलेल्यांना. त्यांच्यामागोमाग शोक करणारे, सौम्य व दयाळू लोक येतात. ही शिकवण आचरणात कशी उतरते, याचा विचार करू लागलो की आम्हास पंडिता रमाबाईंचे चरित्र आठवते.

आमच्या बेळगावच्या पश्चिमेकडील सह्याद्री पुढे दक्षिणेस कन्नड मुलखात जातो. तेथे गंगामूळच्या अरण्यात २३ एप्रिल १८५८ रोजी रमाबाईंचा जन्म झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे स्त्रियांनी संस्कृत शिकावे या मताचे. आई लक्ष्मीबाई याच रमाबाईंच्या गुरू. पुराणे सांगत हे कुटुंब तीर्थोतीर्थी फिरे. पुढे दुष्काळात आईवडील गेले. रमाबाई व त्यांचे बंधू श्रीनिवासशास्त्री अर्धपोटी, पायी देश हिंडत १८७८ साली कलकत्त्यास पोहोचले. तेथील विद्वानांनी रमाबाईंची परीक्षा पाहून त्यांना पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. परंतु दैव कठोर होते. १८८० साली भाऊ आणि १८८२ साली पती बिपिनबिहारी मेधावी निवर्तले. पदरी तान्ही मनोरमा तेवढी उरली.

१८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या व वाँटेज येथील ख्रिस्ती भगिनींच्या आश्रयास राहिल्या. समाजाने टाकलेल्या स्त्रियांना त्या भगिनी लंडनमधील फुलहॅम येथे मायेने सांभाळीत. ते दृश्य पाहून विदुषी रमाबाईंचे मन हेलावले. जेथे पतितांनाही उराशी धरतात, तेथेच त्यांना धर्माचे मर्म दिसले. त्याच वर्षी त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

मायदेशी परतून ११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईत विधवांसाठी शारदासदन काढले. पुढे ते पुण्यास नेले. धर्मांतरामुळे आप्तस्वकीय दुरावले होतेच. १८९३ मध्ये वाद पेटून अनेक पालकांनी आपल्या मुलीही काढून नेल्या. रमाबाई खचल्या नाहीत. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि भुकेने मरणाऱ्या मुली व विधवा त्यांनी आपल्याबरोबर आणल्या. पुण्याजवळील केडगाव येथे मुक्तिसदन उभे राहिले. १९०० च्या सुमारास तेथे दोन हजारांच्या आसपास जीव आसरा घेऊन होते. अंध, वृद्ध, परित्यक्ता, कोणासही दार बंद नव्हते.

त्यांची विद्वत्ताही अशीच खाली वाकली. हिब्रू व ग्रीक भाषा शिकून त्यांनी बायबलचे मराठी भाषांतर केले, ते पंडितांसाठी नव्हे. साध्या खेडवळ बाईलाही कळावे म्हणून. त्याची छपाई मुक्तिसदनातील स्त्रियांनीच केली. जुलै १९२१ मध्ये एकुलती एक मनोरमा गेली. तो घाव सोसून त्यांनी भाषांतर तडीस नेले आणि ५ एप्रिल १९२२ रोजी देह ठेवला.

विद्यार्थिमित्रहो, रमाबाईंचे धर्ममत प्रत्येकास पटेलच असे नाही. परंतु पदवीने मिळालेला मान मोठा, की एखाद्या निराधार मुलीच्या तोंडी घातलेला घास मोठा, हा प्रश्न आम्हा सर्वांचाच आहे. रमाबाईंनी त्याचे उत्तर आयुष्य वेचून दिले. विद्येने उंच झालेला माणूस जेव्हा दुसऱ्यास उचलण्यासाठी वाकतो, तेव्हाच तो खरा धन्य होतो, असे आम्हास वाटते.