मिल्टन ब्रॅडलीचा पट

अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यातील स्प्रिंगफील्ड शहरी १८६० साली मिल्टन ब्रॅडली या तेवीस वर्षांच्या तरुणाने शिळाछापखाना थाटला. त्याचा जन्म १८३६ चा, मेन राज्यातील एका खेड्यातला. उच्च शिक्षण अर्धवट राहिले होते. आराखडे काढण्यात मात्र त्याचा हात तयार होता.

शिळाछापीचे काम नाजूक. गुळगुळीत शिळेवर तेलकट काडीने चित्र काढावयाचे, शिळा ओली करावयाची आणि वर शाईचा रूळ फिरवावयाचा. ओल्या जागी शाई धरत नाही, तेलकट रेषांवर तेवढी बसते. शिळेवर अक्षरे उलटी काढावी, तेव्हा ती कागदावर सुलटी उमटतात.

त्याच वर्षी अब्राहम लिंकन अध्यक्षपदासाठी उभा राहिला. ब्रॅडलीने त्याचे चित्र छापले व ते खपूही लागले. इतक्यात लिंकनने दाढी राखली! बिनदाढीचे चित्र कोणी घेईना. छापखाना बुडण्याची वेळ आली.

अशा उदास दिवसांत एका मित्राने त्याला पटावरचा एक खेळ खेळावयास बसविले. तेव्हा असा पट आपणच छापावा, असे ब्रॅडलीच्या मनाने घेतले. त्याने चौसष्ट घरे आखली. एका कोपऱ्यात बाल्य, समोरच्या टोकाला सुखी वार्धक्य. मध्ये शाळा, प्रामाणिकपणा, आळस, जुगार अशी घरे. जुगाराच्या घरात सोंगटी पडली की थेट सर्वनाशाच्या घरात जावयाचे.

अडचण होती ती फाशांची. फासा हे जुगाऱ्याचे साधन, म्हणून तिकडच्या अनेक धर्मशील घरांत त्याला थारा नसे. द्यूतात राज्य घालविणाऱ्या धर्मराजाची कथा ज्यांना ठाऊक आहे, त्यांना यात नवल वाटणार नाही. ब्रॅडलीने फासा वगळला आणि षट्कोनी भिंगरी घेतली. मध्ये काडी, कडांवर १ ते ६ आकडे. फिरून ती ज्या बाजूवर कलंडेल, तो आकडा खरा. मात्र सहाही बाजू सारख्या हव्यात व काडी बरोबर मध्यावर हवी. एरवी भिंगरी एकाच बाजूला पडू लागते. शिवाय आकड्यावरून कोणत्या चाली करता येतील एवढेच कळे. त्यातली कोणती वाट धरावी, हे बहुधा खेळणाऱ्यानेच ठरवावयाचे असे.

काहीशे पट घेऊन तो न्यूयॉर्कला गेला. दोन दिवसांत सारे खपले! वर्षभरात चाळीस हजारांवर पट विकले गेले. १८६१ साली यादवी युद्ध पेटले, तेव्हा त्याने सैनिकांसाठी खिशात मावतील असे लहान खेळ तयार केले.

पुढे १८६९ मध्ये फ्रोबेलच्या बालशिक्षणाने त्याला वेड लावले. लाकडी ठोकळे, रंगीत कागद अशी साधने तो बनवू लागला. त्यात फायदा नाही म्हणून भागीदार कुरकुरत. त्याने काम सोडले नाही. १९११ साली तो वारला. पटाला शंभर वर्षे झाली तेव्हा, १९६० साली, त्याच्या कंपनीने त्याची नवी आवृत्ती काढली. तीतही फासा नव्हता. पटावरच आकड्यांचे चक्र बसविले होते.