नाणं कुठे सापडलं, ते आधी विचारा

तुमच्या घरी तो डबा असेलच. काकांनी दुबईहून आणलेला दिरहम, ताईच्या मैत्रिणीने दिलेला युरो, आजीच्या पेटीत सापडलेला भोकाचा पैसा. कुणी परदेशी निघालं की आपण हमखास सांगतो, येताना तिथली दोन-चार नाणी आण. आता तर तुमच्यातलेच कितीतरी जण एमएससाठी किंवा इंटर्नशिपसाठी बाहेर जाताय. तेव्हा बॅग भरण्याआधी एका माणसाची ओळख करून घ्या. पंडित भगवानलाल इंद्रजी. त्यांनी आयुष्यभर प्रवास केला, वाटेत नाणी गोळा केली आणि त्यातून आपल्या नाशिकचा हरवलेला इतिहास जुळवला. हे सगळं कुठल्याही कॉलेजची डिग्री नसताना!

भगवानलाल जन्मले 1839 साली, जुनागढमध्ये. गावाशेजारी गिरनार, आणि गिरनारच्या पायथ्याशी अक्षरांनी भरलेला प्रचंड खडक. त्यावर अशोकाचे लेख आहेत, रुद्रदामन या क्षत्रप राजाचाही लेख आहे. येणारे-जाणारे खडक बघत आणि पुढे जात. या मुलाला मात्र त्यावर काय लिहिलंय ते वाचायचं होतं. जेम्स प्रिन्सेप यांनी ब्राह्मी लिपी उलगडली ती 1837 मध्ये, म्हणजे भगवानलालांच्या जन्माच्या जेमतेम दोन वर्षं आधी. त्या अक्षरांचा तक्ता मिळवून हा पोरगा खडकासमोर बसला आणि स्वतःच लिपी शिकला. काठियावाडात तेव्हा क्षत्रपांची चांदीची बारीक नाणी सापडत. खडकावरची अक्षरं वाचता येणाऱ्याला नाण्यावरचीही वाचता येणार, नाही का?

या हुशारीची बातमी मुंबईत डॉ. भाऊ दाजी लाड यांच्यापर्यंत गेली. भायखळ्याच्या राणीच्या बागेतलं संग्रहालय ज्यांच्या नावाने ओळखलं जातं, तेच हे भाऊ दाजी. पेशाने डॉक्टर, पण नाणी, शिलालेख आणि पोथ्या म्हणजे जीव की प्राण. त्यांनी भगवानलालांना मुंबईला बोलावून घेतलं आणि मग देशभर धाडलं. राजस्थान, मध्य भारत, बिहार, ओडिशा, वायव्य सरहद्द आणि थेट नेपाळ. आज काठमांडूची ट्रिप म्हणजे विमानाचं तिकीट आणि चार सेल्फी. तेव्हा मैलोन्‌मैल पायी किंवा बैलगाडीने जायचं, लेखावर कागद लावून ठसा घ्यायचा, नाही जमलं तर डोळ्यांनी बघून एकेक अक्षर उतरवायचं. मथुरेत 1869 मध्ये त्यांना शीतळादेवीच्या ठाण्याच्या पायऱ्यांत बसवलेला एक दगड दिसला. त्यावर सिंह होते आणि खरोष्ठी अक्षरं होती. शक क्षत्रपांच्या इतिहासातला तो एक मोठा पुरावा निघाला.

1874 मध्ये भाऊ दाजी गेले आणि मोठा आधार तुटला. इंग्रजीचीही अडचण होतीच. भगवानलाल लिहायचे गुजरातीत, आणि जॉर्ज ब्यूलरसारखे विद्वान ते इंग्रजीत आणायचे. नेपाळमधले 23 लेख असेच जगासमोर आले. इंग्रजी कच्चं म्हणून मागे राहतो, असं ज्यांना वाटतं त्यांनी हे जरूर लक्षात ठेवावं. नेदरलँड्समधल्या लायडन विद्यापीठाने याच माणसाला मानद डॉक्टरेट दिली.

आता नाशिककडे येऊ. पावसाळ्यात तुम्ही पांडवलेणी चढता, वर जाऊन फोटो काढता. दहा नंबरच्या लेण्यात भिंतीवरची अक्षरं कधी नीट पाहिलीत? क्षत्रप राजा नहपान याचा जावई उषवदात याने ती कोरून घेतली. त्यातला हिशोब ऐका. गोवर्धनच्या, म्हणजे आपल्या गंगापूर रोडकडच्या गोवर्धनच्या, विणकरांच्या श्रेणीकडे 2000 कार्षापण ठेवले, महिना एक टक्का व्याजाने. वर्षाचं व्याज होतं 240. लेण्यात वर्षावास करणाऱ्या 20 भिक्षूंना वस्त्रासाठी प्रत्येकी 12. गणित बरोब्बर जुळतं! आजच्या भाषेत ही चक्क एफडी झाली. पुढे नाण्यांचा भावही दिलाय, 35 कार्षापण म्हणजे एक सुवर्ण. पांडवलेण्यांचे लेख भगवानलालांनी वाचले आणि 1883 च्या नाशिक गॅझेटियरमध्ये त्यांचं हे काम छापलं गेलं.

तीन नंबरच्या लेण्यात दुसरी बाजू आहे. गौतमी बलश्री ही आई आपल्या मुलाचे, गौतमीपुत्र सातकर्णीचे, पराक्रम सांगते. त्याने क्षहरातांचा, म्हणजे नहपानाच्या घराण्याचा, उच्छेद केला असं त्यात आहे. पण आई मुलाचं कौतुक करणारच. मग पुरावा काय?

पुरावा म्हणून नाणं कसं वापरायचं, हे भगवानलालांना पक्कं माहीत होतं. क्षत्रपांच्या बऱ्याच नाण्यांवर राजाचं नाव, बापाचं नाव आणि साल असतं. शेकडो नाणी शेजारी-शेजारी ठेवली की अख्खी वंशावळ उभी राहते. 1882 मध्ये नालासोपाऱ्याला त्यांनी स्तूप उकरला. आत एकात एक ठेवलेल्या डब्या, सोन्याची फुलं, आठ छोट्या मूर्ती निघाल्या, आणि सोबत चांदीचं एक नाणं. ते होतं यज्ञश्री सातकर्णीचं. सगळ्या ऐवजात किमतीने किरकोळ, पण स्तूपात हे सगळं कधी ठेवलं गेलं याचा अंदाज त्या नाण्यामुळेच बांधता आला. हेच नाणं कुणी उचलून बाजारात विकलं असतं, तर ते सोपाऱ्याच्या स्तूपातलं आहे हे कधीच कळलं नसतं. चांदी शिल्लक राहिली असती, माहिती गेली असती.

16 मार्च 1888 रोजी भगवानलाल मुंबईत वारले. वय अवघं 48. क्षत्रपांवरचा त्यांचा निबंध छापून आला तो त्यांच्या मृत्यूनंतर, 1890 मध्ये. नहपानाचा पुरावा बघायलाही ते उरले नाहीत. 1906 मध्ये नाशिकजवळ जोगलटेंभी इथे घबाड सापडलं, सुमारे 13,250 चांदीची नाणी, सगळी नहपानाची. त्यातल्या नऊ हजारांहून जास्त नाण्यांवर सातकर्णीने स्वतःचा शिक्का पुन्हा मारलेला होता. नहपानाच्या चेहऱ्यावरच डोंगराचं चिन्ह! लेण्यातली आई खरं बोलत होती. आणि हे कळलं, कारण सगळा साठा कुठे आणि एकत्र कसा सापडला याची नोंद झाली.

आपली नाणी आणि मथुरेचं ते सिंहशीर्ष भगवानलालांनी मृत्युपत्राने ब्रिटिश म्युझियमला दिलं. ते इथेच राहायला हवं होतं, असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटतं. पण एक खरं, नोंदीसकट दिलेला तो संग्रह फुटला नाही, आणि 1908 मध्ये रॅपसन यांनी छापलेल्या सूचीत त्यातली नाणी भगवानलालांच्या नावानिशी आहेत.

तेव्हा लंडनला गेलात तर ब्रिटिश म्युझियममध्ये नाण्यांचं दालन बघाच, प्रवेश फुकट आहे. तिथून जवळच ब्लूम्सबरीत स्पिंक ही 1666 पासूनची नाण्यांची पेढी आहे. काचेतून बघायला पैसे लागत नाहीत. चालू नाणी आणा की खुशाल. पण जुनं नाणं घेण्याआधी विचारा, हे सापडलं कुठे, कागद आहेत का? तुर्कस्तान, नेपाळसारख्या देशांतून पुरातन वस्तू बाहेर नेणं गुन्हा आहे. आपल्याकडेही 1972 च्या कायद्याने शंभर वर्षांहून जुनं नाणं खासगीरीत्या परदेशी नेता येत नाही. आणि शेतात घबाड लागलंच, तर 1878 च्या कायद्याप्रमाणे कलेक्टरला कळवायचं.

लंडन लांब असेल तर त्र्यंबक रोडवर अंजनेरीला जा. तिथे नाण्यांवर संशोधन करणारी संस्था आहे आणि तिचं संग्रहालयही आहे. पण त्याआधी आजच एक काम करा. घरचा तो डबा उघडा आणि प्रत्येक नाण्यासोबत एक चिठ्ठी ठेवा. कुणी दिलं, कुठून आणलं, कधी. आजीला विचारायचं असेल, तर आजच विचारा.